पळसदेवहून दोनदा आणलेलं रक्त

मी बारामतीकडे गेले ती हुरडा खायला. हे आधीच सांगून मोकळी होते, कारण परत आल्यापासून आमच्या दापोलीतल्या शेजारणी मला समाजसेविका समजायला लागल्या आहेत. "एवढ्या वयात नातीच्या संशोधनाला मदत करायला गेलात हो," असं म्हणतात आणि माझ्या हातावर लाडू ठेवतात. लाडू मी खाते, पण खरं ते खरं.

माझी नात मृण्मयी पुण्यात लहान मुलांची डॉक्टर आहे आणि रक्तातल्या एका जातीच्या पेशींवर संशोधन करते. मी हिवाळ्यात तिच्याकडे राहायला गेले होते. दोन दिवसांसाठी बारामती-इंदापूरकडे जायचंय, असं ती फोनवर कुणाला तरी सांगत होती. मी विचारलं, "गाडीत पुढची सीट रिकामीच जाणार का?"

"आजी, मी कामाला चाललेय."

"मी कुठे अडवतेय? तू काम कर. मी कऱ्हाटीला शिवाजीच्या शेतावर हुरडा खाते."

शिवाजी म्हणजे माझा विद्यार्थी. लग्नाआधी मी बारामतीच्या एका शाळेत दोनेक वर्षं विज्ञान शिकवत होते. तेव्हाची मी कशी होते, ते सांगायला आता कुणी साक्षीदार उरलेलं नाही, म्हणून मीच सांगते. उंच टाचांच्या सँडल घालून शेताच्या बांधावरून चालणारी, केसात जास्वंद खोवलेली, आणि आपण कोकणातून आलो म्हणजे विलायतेतून आलो अशा तोऱ्यात वावरणारी एक बावीस वर्षांची शहाणी. ज्या घरी जेवायची सोय होती तिथे पहिल्या दिवशी ज्वारीची भाकरी बघून मी म्हणाले होते, "आमच्याकडे हे गुरांना घालतात." वास्तविक आमच्याकडे ज्वारी पिकतच नाही. गुरांना कुठून घालणार? पण बोलले. त्या माउलीने दुसरी भाकरी वाढली आणि मी तीही खाल्ली.

वाटेवर

पुण्याहून निघाल्यावरचा रस्ता सांगण्यासारखा नाही. सांगण्यासारखं झालं ते बारामतीच्या अलीकडे, जिथे आम्ही उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलो. कारखाने चालू होते. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, आणि मागे बैलगाड्यांची रांग. पुढे जायला जागा नाही. मृण्मयी हॉर्न वाजवत नव्हती, पण बोटं स्टिअरिंगवर नाचत होती. तेव्हा मी तिला तिचं काम विचारलं. एरवी ती सांगत नाही, मी थट्टा करते म्हणून.

"नॅचरल किलर सेल म्हणतात त्यांना," ती म्हणाली.

"नाव गुंडाचं दिसतंय."

"कामही तसंच आहे. शरीरातली प्रत्येक पेशी अंगावर ओळखीची खूण बाळगते. या किलर पेशी रक्तातून हिंडत खुणा तपासतात. एखाद्या पेशीची खूण गायब असली, म्हणजे आत विषाणू शिरलाय किंवा ती पेशीच बिघडलीय. मग तिला तिथल्या तिथे संपवतात."

"विचारत नाहीत?"

"नाही. बाकीच्या पांढऱ्या पेशींना आधी शत्रू ओळखायला शिकावं लागतं, त्यात दिवस जातात. यांना शिकावं लागत नाही."

"आमच्या सासूबाई तशा होत्या," मी म्हटलं. ती हसली आणि बोटं थांबली.

मी शिकवत होते तेव्हा या पेशींना नावसुद्धा मिळालेलं नव्हतं, हे तिने मला सांगितलं. मला आठवलं, मी वर्गात छाती पुढे काढून म्हणाले होते, "पांढऱ्या पेशींबद्दल जे जे माणसाला माहीत आहे ते सगळं मी तुम्हाला आज सांगितलं." सगळं म्हणजे फळ्यावरचे पाच गोळे होते.

मग तिने जे सांगितलं त्यावर थट्टा करता आली नाही. पळसदेवला सोनाली नावाची एक मुलगी आहे. सासर वरकुट्याचं, डाळिंबाची बाग, पण सध्या बाळाला घेऊन ती पळसदेवला भावाकडे राहते. तिचा पहिला मुलगा आठ महिन्यांचा असताना गेला. ताप आला आणि उतरलाच नाही. पोट फुगलं, रक्त कमी होत गेलं, कुणी म्हणालं टायफॉइड, कुणी म्हणालं कावीळ. नंतर कागद बघून मृण्मयीच्या वरिष्ठांना एका दुर्मीळ आजाराचा संशय आला. त्यात या किलर पेशी चोराला पकडतात, पण त्याला मारायच्या विषाची जी थैली पोटात असते ती त्यांना उघडता येत नाही. मग त्या नुसती शिट्टी वाजवत राहतात. शिट्टी ऐकून आणखी फौज येते, आणखी येते, आणि त्या चेंगराचेंगरीत घरच मोडतं. हा आजार आई आणि बाप दोघांकडून थोडा थोडा आला तरच बाळाला होतो. म्हणजे दुसऱ्या बाळालाही होऊ शकतो.

दुसरं बाळ म्हणजे ओवी. सात महिन्यांची, गुटगुटीत, आजवर साधी सर्दीसुद्धा नाही. पण संशोधनासाठी तिचं रक्त तपासलं, आणि तिच्या पेशींना थैली उघडता येत नाही असा निकाल आला.

"चुकला असेल," मी म्हटलं.

"मीही तेच म्हणाले. पण आम्ही बाळाबरोबर एका धडधाकट माणसाचंही रक्त घेतो. दोन्ही नळ्या एकाच रस्त्याने, एकाच वेळी पुण्याला येतात. रस्त्यात रक्त खराब झालं तर दोन्ही खराब होतील आणि आम्हाला कळेल. इथे बाळाच्या मामाचं रक्त घेतलं होतं. मामाच्या पेशी एकदम उत्तम निघाल्या. त्याच गाडीवरून आलेल्या. मग रस्त्याला दोष कसा देणार?"

"आणि आजार असेल तर?"

"तर तो उसळायच्या आत तिला दुसऱ्याची अस्थिमज्जा द्यावी लागेल. जुळणारं माणूस शोधायचं, महिनोन्महिने हॉस्पिटल. आणि तरीही…" तिने गिअर टाकला. पुढची ट्रॉली कारखान्याच्या वाटेला वळली होती. "निकाल पक्का करायला पुन्हा रक्त घ्यायचंय. सोनालीला मी फोनवर एवढंच सांगितलंय, पुन्हा एकदा तपासायचंय म्हणून."

कऱ्हाटी

बारामतीत मृण्मयीचं हॉस्पिटलातलं काम आटपलं, आणि संध्याकाळच्या उन्हात आम्ही कऱ्हाटीला पोचलो. शिवाजी बांधावर उभा होता. डोक्याला टोपी, मिशा पांढऱ्या. वर्गात मागच्या बाकावर बसून बेडूक खिशात आणणारा पोरगा आता आजोबा झालाय. माझ्या पाया पडला आणि उठता उठता म्हणाला, "बाई, कसं हाय म्हनू का कसं आहे म्हनू?"

"आता काहीही म्हण रे बाबा."

"न्हाय, विचारून घेतलेलं बरं. डाक्टरताई, तुमच्या आज्जीनं आमाला लई पिळलं. 'हाय' म्हंलं की म्हनायच्या, हाय नव्हे, आहे. आमी समदे वरडायचो, आहे, बाई. आन् मधल्या सुट्टीत त्येंची चाल काढून दावायचो." असं म्हणून त्याने धोतराचा सोगा एका हातात धरला, टाचा उचलल्या आणि बांधावरून डुगडुगत चालून दाखवलं. मला माझी चाल लगेच ओळखू आली. मला वाटायचं, माझ्याकडे बघून पोरं गप्प होतात ती आदराने.

"अवं, बाईंच्या म्होरं काय ह्ये," त्याची बायको, मंदा, म्हणाली, पण हसून तिच्याच डोळ्यात पाणी आलं होतं.

हुरडा कोकणात मिळत नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगते. जमिनीत खड्डा करून त्यात गोवऱ्यांचा विस्तव करतात. ज्वारीची कोवळी कणसं त्यात खोचून भाजतात आणि गरम असतानाच तळहातावर चोळतात. माझ्यासारखीच्या हाताला चटका बसतो, मंदाच्या हाताला बसत नाही. हिरवे, दुधाळ दाणे खाली पडतात, ते सुपात पाखडून आपल्यासमोर येतात. बरोबर गूळ, शेंगदाण्याची चटणी, दही. आमच्याकडे पोपटीला मडक्यात शेंगा भाजतात, तिची आठवण झाली. पण पोपटी पोटात जाऊन बसते, हुरडा कितीही खाल्ला तरी आणखी थोडा चालेल असं वाटत राहतं. ते खोटं असतं. सकाळी कळलं. मंदाने ओवा चावायला दिला आणि शिवाजी म्हणाला, "बाईंनी शिकवलंवतं, अन्न नीट चावून खावं."

मृण्मयीने मात्र चार दाणे खाल्ले. ती त्या विस्तवाकडे बघत बसली होती. मंदाने तिला विचारलं, "ताई, गोड लागंना व्हय?" ती म्हणाली, "छान आहे हो," आणि पुन्हा तशीच बसली. मला कळत होतं. उद्या एका आईसमोर बसून तिला बाळाच्या दंडावर रबर बांधायचं होतं.

पळसदेव

पळसदेवच्या वाटेवर उजनीचं पाणी अचानक समोर येतं. धरण भरलेलं असलं की क्षितिजापर्यंत पाणीच पाणी. मला समुद्राची सवय, तरी मी "अगं बाई" म्हणाले. पाण्यात लांबवर जुन्या देवळाच्या शिखराचा टोकाकडचा भाग दिसत होता. मी शाळेत शिकवत असताना सहल घेऊन इथे आले होते. तेव्हा देऊळ कोरड्या जमिनीवर होतं. पोरं गाभाऱ्यात गेली, मी बाहेर उभी राहिले, सँडलला चिखल लागेल म्हणून. "पुढच्या वेळी बघू," म्हणाले. आता बघायचं तर नावेतून जाऊन पाण्यात बुडी मारावी लागेल.

सोनालीचं माहेर पाण्यापासून जवळच. पुढे पत्र्याची शेड, अंगणात जाळी वाळत टाकलेली, मागे वांग्याचं रान. सोनाली दारातच उभी होती, ओवी कडेवर. बारीक अंगाची, पंचविशीतली पोरगी. ओवीने माझ्या चष्म्याकडे हात केला आणि मी तो लगेच देऊन टाकला. लहान मुलांच्या बाबतीत मला शिस्त नाही.

पाणी झालं, चहा झाला. मृण्मयीने पिशवी उघडली, आणि सोनाली म्हणाली, "ताई, पुन्ना रगात न्हाय देनार मी."

आवाज चढवला नाही. चहा नको म्हणावं तसं म्हणाली.

"सोनाली, एकदाच," मृण्मयी म्हणाली.

"थोरल्याच्या टायमालाबी असंच म्हंले हुते. पुन्ना घ्यायला लागंल. मग पुन्ना. दर बारीला पुन्ना. पुन्ना म्हंजी काय त्ये मला समजतं आता. तुमी मला सांगा, काय निघालं हाय त्यात?"

मृण्मयीने खरं सांगितलं. सौम्य शब्दांत, पण खरं. सोनालीने सगळं ऐकलं. मग ओवीचं झबलं खाली ओढलं, तिला घट्ट धरलं आणि म्हणाली, "तर मग घेऊन काय करनार? जे हाय त्ये हाय. तिला हसू खेळू द्या. सुई नगं."

तिचा नवरा वरकुट्याला बागेत होता, पाण्याची पाळी आली होती. तिचे वडील, आबा, खाटेवर बसून जमिनीकडे बघत होते. मृण्मयी उठली आणि पाण्याच्या दिशेने चालायला लागली. मी तिच्यामागे जाणार होते, पण रडणाऱ्या माणसाला थोडी जागा लागते, एवढं मला या वयात कळतं. म्हणून मी शेडकडे वळले.

शेडमध्ये सोनालीचा भाऊ, पोपट, मासे भरत होता. तिशीचा, रुंद खांद्यांचा, बोलका. पहाटे धरणावरून माल घ्यायचा, थर्मोकोलच्या खोक्यात भरायचा आणि पुण्याच्या बाजारात न्यायचा, हा त्याचा धंदा. खाली फोडलेला बर्फ, वर चिलापीचा थर, पुन्हा बर्फ. हात इतके सफाईने चालत होते की बघत राहावं.

"आज्जी, तुमी समुद्राकडच्या. आमचा मासा तुमाला आवडायचा न्हाय," तो म्हणाला.

"गोड्या पाण्यातल्या माशाला चव नसते," मी म्हटलं. त्याला बोलतं करायचं होतं.

"चव नसती? दुपारी सोनी कालवण करनार हाय. खाऊन मग बोला. तुमच्या समुद्रात मीठ असतं म्हनून तुमाला मीठ टाकायची अक्कल लागत न्हाय."

हे मला आवडलं. मी पाटावर बसले. थोड्या वेळाने तो खालच्या आवाजात म्हणाला, "सोनी न्हाय म्हंली ना?"

"हो."

"मला ठावं हुतं. आज्जी, ह्या हातानं भरलेला माल आजपत्तूर पुण्यात कुणी परत लावला न्हाय. लेकराचं रगातबी म्याच नेलं हुतं. नवा खोका काढला. सोड्यानं धुतला. खाली बर्फ, वर बर्फ, मधी ती नळी, कापडात गुंडाळून. पापलेटलाबी येवढं कुणी जपत न्हाय. गरम हून खराब हुईल म्हनून वाटंत दोनदा झाकन काढून बगितलं. आन् तरीबी निघायचं त्ये वंगाळच निघालं."

"आणि तुझंही रक्त घेतलं होतं ना?"

"माझं ठिवलं खिशात. माझ्या रगताला काय हुतंय?" त्याने शर्टाचा वरचा खिसा थोपटला. "दौंडच्या अलीकडं च्याला थांबलो, तवा वाकलो तर ती नळी खाली पडली. पुसली, ठिवली परत."

मी हसले. मला त्यात वावगं काहीच वाटलं नाही. समुद्रकाठी वाढलेली बाई मी, जपायची वस्तू बर्फात हे मलाही आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. मला फक्त त्या पडलेल्या नळीची गंमत वाटली.

तीच गंमत सांगायला मी मृण्मयीकडे गेले. ती काठावर एका उलट्या नावेवर बसली होती. लांब उथळ पाण्यात रोहित पक्षी एका पायावर उभे होते. मी तिच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "ऐक, तुला हसवते. तुमच्या त्या उत्तम निघालेल्या पेशी आहेत ना, मामाच्या, त्या दौंडच्या अलीकडे चहाच्या टपरीवर धुळीत लोळून आल्या होत्या. बाळाची नळी मात्र पापलेटासारखी बर्फात, आणि स्वतःची खिशात."

मृण्मयी हसली नाही. माझ्याकडे वळली.

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं, या वेळी टपरी वगळून.

"बर्फात? बाळाची बर्फात आणि त्याची खिशात?"

"लेकराचं रक्त म्हणून जपलं बिचाऱ्याने."

ती उठून उभी राहिली, मग पुन्हा बसली. "आजी, या पेशींना थंडी चालत नाही. साध्या हवेवर आणायच्या असतात. बर्फात ठेवल्या की गारठतात. सगळ्या मरत नाहीत, पण सुस्तावतात. मग त्यांच्यापुढे चोर उभा केला तरी थैली उघडत नाहीत." ती थांबली. "मी त्याला फोनवर विचारलं होतं, दोन्ही नळ्या एकत्र आणल्यात ना? तो म्हणाला, व्हय, एकाच गाडीवर."

"खरंच तर बोलला."

"खरंच बोलला. आणि आम्ही नळ्या ज्या डब्यात देतो त्यावर बर्फात ठेवू नका असं लिहिलंय. इंग्रजीत."

जी बाई पोरांचं 'हाय' काढून 'आहे' बसवायला निघाली होती, तिने या बाबतीत गप्प राहावं हेच बरं.

"म्हणजे ओवीला काही नाही?" मी विचारलं.

"तसं म्हणता येत नाही. असेलही. पण आता मला माहीत नाही. सकाळी मला वाटत होतं की माहीत आहे." हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर जे आलं, त्याला हसू म्हणता येणार नाही, पण कालपासूनचा चेहरा तो नव्हता.

ती आधी शेडमध्ये गेली. पोपटला तिने अगदी सहज विचारलं, तरी तो धंद्यातला माणूस. मालाबद्दल कुणी दुसऱ्यांदा विचारलं की काय समजायचं ते त्याला कळतं. हातातला बर्फ त्याने खाली ठेवला.

"माझ्याकडनं चुकलं का, ताई?"

"तुमच्याकडून नाही. सांगायचं काम आमचं होतं. आणि अजून काहीच नक्की नाही. सोनालीला आता यातलं काही सांगू नका. तिला उगीच आशा लागेल."

मग ती घरात गेली आणि सोनालीसमोर खालीच बसली. म्हणाली, "सोनाली, मागचा निकाल मी धरत नाही. रक्त आणण्याबाबत आमच्याकडून एक गोष्ट सांगायची राहून गेली होती. चूक आमची असू शकते. नसूही शकते. मला खरंच माहीत नाही. म्हणून पुन्हा पाहिजे."

सोनाली तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "थोरल्याच्या टायमाला समद्यास्नी समदं ठावं हुतं. कुणीबी म्हंलं न्हाय, मला ठावं न्हाय." ओवीला तिने मांडीवर आडवं घेतलं आणि तिची बाही वर सारली. "घ्या."

ओवी असं रडली की पाण्यावरचे पक्षी उडतील असं वाटलं. मी तिला चष्मा दिला, तिने तो भिरकावला. एक काडी वाकडी झाली ती अजून तशीच आहे. पोपट दंड पुढे करून रांगेत उभा होता. मी म्हटलं, या वेळी साक्षीदार म्हणून माझं रक्त घे. मृण्मयी म्हणाली, "तुझ्या पेशी कुणावर धावून जातील याचा नेम नाही."

दोन्ही नळ्या एका रुमालात गुंडाळल्या. पोपटने त्या हातात घेतल्या, आणि द्यायच्या आधी म्हणाला, "दोन्ही एका जागंला ठिवा, ताई. माझं काय व्हायचं त्ये हिच्याबरूबर होऊ द्या."

घाईतही सोनालीने जेवल्याशिवाय सोडलं नाही. चिलापीचं कालवण, खोबऱ्याऐवजी भाजलेल्या शेंगदाण्याचं आणि काळ्या मसाल्याचं, आणि ज्वारीची भाकरी. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. गोड्या पाण्यातल्या माशाला चव असते. पोपटने कौतुक ऐकून घेतलं, पण स्वतःच्या ताटातला तुकडा त्याने नुसता फिरवला. आबांनी विचारलं, "जेवत का न्हाईस?" तो म्हणाला, "खाल्लं मगाशी."

पुन्हा पुणे

परतीचा सगळा रस्ता नळ्या माझ्या मांडीवर होत्या. एसी बंद. एका बाजूने ऊन आलं की मी पदर आडवा धरत होते. भिगवणनंतर एका वळणावर गाडी हादरली आणि मी दोन्ही हातांनी रुमाल धरला. लग्नातसुद्धा मी मंगळसूत्र इतकं धरलं नव्हतं. सरळ प्रयोगशाळेच्या दारात उतरलो. तिथल्या मुलीने नळ्या हातात घेऊन बघितल्या, आणि मला एकदम हलकं वाटलं. अजून काही कळलेलं नसताना.

त्यानंतर मृण्मयी घरी कमीच असायची. मी तिच्या स्वयंपाकघरात हुरड्याचं थालीपीठ लावलं, मंदाने डबा भरून दिला होता. तिच्या विभागात डब्यांवर लावायला मराठी चिठ्ठ्या छापायच्या ठरल्या. मजकूर तिने मला विचारला. तिचा मजकूर सहा ओळींचा होता. मी लिहून दिला: "बर्फ नको. ऊन नको. खिसा चालेल." वरिष्ठांनी तिसऱ्या वाक्याला हरकत घेतली, पण पहिली दोन छापली.

निकाल आला त्या संध्याकाळी ती नेहमीपेक्षा लवकर घरी आली. चपला काढल्या, पाणी प्यायली, आणि माझ्याकडे न बघता फोन लावला. आवाज मोठा केला, मला ऐकू यावा म्हणून. पहिल्याच रिंगला सोनालीने उचलला.

"सोनाली, चांगलं आहे."

मग एका दमात पुढचं सांगितलं.

"ओवीच्या पेशी अगदी नीट काम करतायत. मामाच्या आणि तिच्या, दोन्ही सारख्या. तो आजार दिसत नाही. जनुकांची तपासणी यायची आहे, ती सवडीने येईल. पण तिच्यासाठी मी जागत बसणार नाही. तूही बसू नकोस."

"समदं चांगलं हाय?"

"सगळं."

मग भांडं खाली ठेवल्यासारखा आवाज आला. मला वाटलं, आता रडेल. पण सोनालीने विचारलं, "मग मागल्या बारीला तसं का आलं?"

मृण्मयीने माझ्याकडे बघितलं. ती उत्तर जुळवत होती, तेवढ्यात पलीकडून पोपटचा आवाज आला. "म्या बर्फात घातलतं, सोने."

"काय घातलतं?"

"रगात. वंगाळ हुईल म्हनून. ताईंनी सांगितलं न्हाय तुला, पर त्यामुळंच झालं. मला समजलं हुतं त्याच दिशी."

"बर्फात?" सोनालीचा आवाज हळूहळू वर गेला. "माझ्या लेकीचं रगात तू माशागत बर्फात घातलंस?"

"नवा खोका हुता."

"खोका नवा आसंल. अक्कल कुठली जुनी वापरलीस? इतक्या दिसांत माझ्या तोंडात घास गेला न्हाय. त्येंनी तिकडं देवाला बोकड बोलला. आन् तू रोज हितं म्होरं बसून जेवतूयास?"

"मीबी न्हाय जेवलो."

"दोन वाट्या कालवण कुनी खाल्लं मग सोमवारी?"

"त्ये आबांनी."

"माझं नाव कशापायी?" हे आबा, खाटेवरून.

ओवी जागी झाली आणि रडायला लागली. सोनाली तिला थोपटता थोपटता भावाला बोलत होती आणि मधेच तिला हसू फुटत होतं, मग परत ती नव्याने सुरू करत होती. पोपट प्रत्येक बोलण्याला "व्हय" म्हणत होता. कुणालाच फोन चालू असल्याचं भान नव्हतं. मृण्मयीचं बोट बंद करायच्या खुणेवर गेलं, मी तिचा हात बाजूला केला.

तिने फोन तसाच ओट्यावर ठेवला आणि चहाचं आधण टाकलं. आमचा चहा पिऊन झाला तरी पळसदेवचं भांडण चालूच होतं.